कामांची वही : संगणकाच्या पडद्यावर

ज्याच्या मागे चार कामे आहेत, त्याला विसरण्याची धास्ती ही असायचीच. शेतकऱ्याला पीकविम्याची मुदत सांभाळावी लागते. अंगणवाडीच्या ताईंना लसीकरणाचा दिवस ध्यानात ठेवावा लागतो. गुरुजींच्या मागे तर एकाच आठवड्यात पोषण आहाराची नोंद, पालकसभा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज असे सारेच येते. एखादे काम मागे पडले तर नुसती बोलणी खावी लागतात. पण शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख टळली, तर एका मुलाचे वर्षाचे पैसे जातात. म्हणून आपण वहीत लिहितो, दिनदर्शिकेवर खूण करतो, उपरण्याला गाठ मारतो.

आज अशाच एका वहीविषयी बोलायचे आहे. ही वही कागदाची नव्हे. ती संगणकाच्या पडद्यावर दिसते, आणि ती आपण आपल्या हातांनी करायची आहे. ज्याने आजवर प्रोग्रॅमची एक ओळही लिहिली नाही, त्यालाही ती जमण्याजोगी आहे.

“अहो, पण अशा वह्या मोबाइलमध्ये तयार मिळतात की! मग हा खटाटोप कशाला?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की नोंद करणे, बदलणे, काढून टाकणे आणि जपून ठेवणे, ही जी चार कामे आपली छोटी वही करते, तीच रेशनच्या यादीत होतात, बँकेच्या खात्यात होतात आणि एस.टी.च्या आरक्षणातही होतात. कचेरीच्या खिडकीवर आपल्याला पुष्कळदा ऐकू येते, “संगणकात तुमचं नाव नाही.” ऐकणारा मुकाट्याने परत फिरतो, कारण संगणकात ‘नाव असणे’ म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते कळावे, एवढ्यासाठी तरी ही वही एकदा करून पाहावी.

साहित्य फार लागत नाही. एक साधा संगणक, त्यावर नोटपॅडसारखी मजकूर लिहिण्याची सोय, आणि वेबपाने दाखवणारा ब्राउझर, एवढे पुरे. इंटरनेट नसले तरी अडत नाही. पान आपल्याच संगणकावर लिहायचे आणि तिथेच उघडायचे.

या पानाला तीन भाषा लागतात. नावे ऐकून दचकू नका. पहिली एच्. टी. एम्. एल्. ती पानाचा सांगाडा उभा करते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि तिच्याबरोबर ही भाषा पुढे आली. १९९३ साली सर्नने वेब सर्वांना विनामूल्य खुले केले, म्हणून आज आपल्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. दुसरी सी. एस्. एस्. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हे ती पाहते. तिसरी जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. बटण दाबल्यावर काय घडावे, ते ती ठरवते. घराच्या भाषेत बोलायचे, तर पहिलीने भिंती उभ्या राहतात, दुसरीने रंग लागतो आणि तिसरीने दिवे लागतात नि विझतात.

आता लगेच संगणकापुढे बसू नका. आधी कागद घ्या. एक काम म्हणजे काय काय, ते लिहा. उदाहरणार्थ, ‘शिष्यवृत्तीचे अर्ज पाठवणे’. याला मजकूर आहे, मुदतीची तारीख आहे, आणि ‘झाले की नाही’ ही खूण आहे. शिवाय प्रत्येक कामाला स्वतःचा एक क्रमांक हवा. का हवा ते पुढे सांगतो. झाले चार रकाने. मग त्या कामाचे काय काय होऊ शकते ते लिहा. नवे काम जोडता येईल, झाल्याची खूण करता येईल, काम काढून टाकता येईल. एवढे कागदावर नीट उतरले, की मुख्य विचार झाला म्हणून समजा.

आता या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यादी ही एक वस्तू आहे, आणि पडद्यावर दिसणारे तिचे चित्र ही दुसरी. यादी संगणकाच्या स्मरणात असते. पडदा तिचे नुसते दर्शन घडवतो. नवशिक्याची चूक इथेच होते. ‘झाले’ हे बटण दाबल्यावर तो पडद्यावरची ओळ खोडून दाखवतो आणि यादीला हातच लावत नाही. काम झालेसे दिसते; पण पान पुन्हा उघडले की ती ओळ जशीच्या तशी समोर उभी! म्हणून नियम असा धरा : आधी यादी बदला, मग ती साठवा, मग तिच्यावरून पडदा नव्याने दाखवा. बदला, साठवा, दाखवा. बटण कोणतेही असो, क्रम हाच.

जावास्क्रिप्टचे राखीव शब्द रोमन अक्षरांतच लिहावे लागतात. पण आपण ठेवायची नावे देवनागरीतही चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यादीला ‘कामे’ म्हणा, साठवणाऱ्या कृतीला ‘साठवा’ म्हणा आणि चित्र काढणाऱ्या कृतीला ‘दाखवा’ म्हणा. यंत्राची काही तक्रार नसते, आणि मुलांना प्रोग्रॅम वाचताना अर्थ आपसूक लागतो.

काम पाच टप्प्यांत करावे. एक टप्पा नीट चालल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये.

पहिल्या टप्प्यात नुसते पान. वर मथळा, खाली मजकुराची चौकट, तारखेची चौकट, ‘जोडा’ हे बटण, आणि त्याखाली यादीसाठी मोकळी जागा. फाइलीच्या नावाच्या शेवटी एच्. टी. एम्. एल्. असू द्या. नोटपॅड कधी कधी मागे आपले ‘टी. एक्स्. टी.’ हे शेपूट लावतो, मग पान उघडण्याऐवजी मजकूरच दिसतो. तेवढे तपासा. पानाच्या आरंभी अक्षरसंच ‘यू. टी. एफ्. ८’ आहे असे लिहा आणि फाइलही त्याच संचात साठवा. हे राहिले तर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटू शकतात.

दुसऱ्या टप्प्यात दोन-तीन कामे यादीत हातानेच लिहून ठेवा आणि ‘दाखवा’ ही कृती तयार करा. तिने आधी पडद्यावरची जागा पुसायची, मग यादीतले एकेक काम घेऊन त्याची एकेक ओळ मांडायची. पुसायचे विसरलात तर दुसऱ्या खेपेस प्रत्येक काम दोनदा दिसेल. तसे दिसले तर घाबरू नका. कारण आता तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरा टप्पा नवे काम जोडण्याचा. इथे हमखास एक गंमत होते. बटण दाबले, की पान लुकलुकते आणि लिहिलेले काम नाहीसे होते. याचे कारण असे, की अर्जाच्या नमुन्याचे बटण दाबले की मजकूर पुढे पाठवून पान पुन्हा उघडायचे, ही ब्राउझरची जुनी वहिवाट. आपल्याला पाठवायचे कुठेच नाही. म्हणून ‘तुझी नेहमीची वहिवाट इथे नको’ असे त्याला सांगावे लागते. त्यासाठी ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ ही आज्ञा आहे. तसेच मजकुराच्या मागचापुढचा रिकामा भाग छाटावा, आणि काहीच उरले नाही तर काम जोडू नये.

चौथा टप्पा खूण करण्याचा आणि काढून टाकण्याचा. इथे क्रमांकाची गरज कळते. समजा, यादीत पाच कामे आहेत आणि आपण ‘तिसरे काढ’ म्हणालो. ते गेल्यावर चौथे तिसरे होते. पुन्हा ‘तिसरे काढ’ म्हटले, की भलतेच काम जाते. शाळेच्या दाखलखारजात मुलाचा नंबर त्याच्या बाकावरून ठरत नाही, तसेच हे आहे. क्रमांक कामाला कायमचा चिकटलेला हवा. सोपी युक्ती अशी : १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, जागतिक वेळेप्रमाणे, किती मिलिसेकंद झाले ते जावास्क्रिप्ट सांगू शकते. काम जोडताना जो आकडा येईल, तो त्या कामाचा क्रमांक. एकटा माणूस हाताने कामे जोडतो तिथे हे पुरते.

पाचवा टप्पा साठवण्याचा. पान बंद केले की स्मरणातली यादी जाते. ती टिकावी म्हणून ब्राउझरपाशी ‘लोकल स्टोरेज’ नावाची पेटी असते. या पेटीत फक्त मजकूर ठेवता येतो. म्हणून आपली यादी आधी ‘जेसन’ नावाच्या पद्धतीने मजकुरात उतरवायची, आणि उघडताना त्या मजकुराची पुन्हा यादी करायची. पहिल्याच वेळी पेटी रिकामी असते. तेव्हा रिकाम्या यादीने सुरुवात करावी, हेही सांगून ठेवा.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास दोन गोष्टी. तुम्ही चौकटीत ‘१२’ असे देवनागरी आकडे लिहिले, तर जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानत नाही, हिशेब अडतो. म्हणून तारखेसाठी मजकुराची नव्हे, तारखेचीच चौकट वापरावी. ती आतमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी तारीख ठेवते. त्यामुळे नुसती अक्षरांच्या क्रमाने यादी लावली, तरी सर्वांत जवळची मुदत वर येते. दुसरी गोष्ट शोधण्याची. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातले ‘ऱ्य’ टंकण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. यंत्राच्या लेखी ती निराळी अक्षरे आहेत. एका रीतीने लिहिलेले काम दुसऱ्या रीतीने शोधले, तर सापडत नाही. काम यादीत असते, शोधणाऱ्याला मात्र ‘नाही’ असे उत्तर मिळते.

दोन सावधगिरीच्या सूचना. वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर पडद्यावर मांडताना ‘टेक्स्ट कंटेंट’ या मार्गानेच मांडा. ‘इनर एच्. टी. एम्. एल्.’ या मार्गाने मांडला, तर कोणी मजकुराच्या आडून आज्ञा घुसवू शकतो आणि ब्राउझर ती पाळू शकतो. दुसरे असे, की लोकल स्टोरेज ही तिजोरी नव्हे. ती त्या एका संगणकावरच्या त्या एका ब्राउझरपुरती असते. कोणी सफाई करताना साठवलेली माहिती पुसली, की सारी यादी गेली. फाइलीतून उघडलेल्या पानाची पेटी सर्व ब्राउझर सारख्याच रीतीने सांभाळतात असेही नाही. तेव्हा यादीची प्रत अधूनमधून निराळ्या फाइलीत काढून ठेवा, आणि मुलांचे आधार क्रमांक किंवा आजारपणाची माहिती या वहीत मुळीच लिहू नका.

पुढे शाळेतल्या चारही शिक्षकांना एकच यादी हवी असे वाटले, तर ही पेटी पुरणार नाही. ज्याच्या त्याच्या घरी वही असून भागत नाही. सर्वांसाठी चावडीवर एक दप्तर लागते. तसा एक मध्यवर्ती संगणक आणि त्यावर माहितीचा कोठार लागतो. कोणी नोंद पाहावी आणि कोणी बदलावी, हेही तिथे ठरवावे लागते. तो पुढचा अभ्यास आहे. पण ‘बदला, साठवा, दाखवा’ हा क्रम तिथेही कामाला येतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात हा पाठ संगणकाआधी फळ्यावर घ्यावा. एका मुलाने यादी व्हावे, हातात कागद धरून. दुसऱ्याने पडदा व्हावे, फळ्यापाशी खडू घेऊन. यादीवाल्याने कागद बदलल्याखेरीज पडदेवाल्याने फळ्याला हात लावायचा नाही. दहा मिनिटांत मुलांना मर्म कळते. प्रोग्रॅम अडला, तर बहुतेक संगणकांवर एफ्-१२ ही कळ दाबावी. ब्राउझर कोणत्या ओळीवर अडखळला, ते तिथे लिहून येते. ती ओळ मुलांनाच वाचू द्यावी. उत्तर आपण सांगण्याची घाई करू नये.

आणि मग त्या खिडकीवरच्या वाक्याचा अर्थ लागतो. “संगणकात नाव नाही” याचे निदान तीन अर्थ होऊ शकतात. नाव यादीत कधी चढवलेच नसेल. चढवले असेल, पण साठवले गेले नसेल. किंवा यादीत असेल, पण अक्षरांच्या फरकाने शोधताना दिसत नसेल. हे जाणणारा माणूस मुकाट्याने परत फिरत नाही. तो नम्रपणे म्हणतो, “साहेब, अर्जाच्या क्रमांकावरून शोधता का? नावाचं अक्षर निराळं पडलं असेल.” ज्याने स्वतःच्या हाताने पाच कामांची यादी केली आहे, त्याला हा प्रश्न विचारणे अवघड वाटणार नाही.