लोड काढा, मग बोला

झाशीहून कानपूरच्या रस्त्याने निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर, बेतवेच्या काठी, पारीछाचं औष्णिक वीजकेंद्र लागतं. त्याचा पहिला संच १९८४ चा. दुसऱ्या दिशेला, बबीनाच्या वाटेवर खैलारला, भेलच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तयार होतात. एवढी वीज उशाशी असताना या शहरात दोरी ओढून चालू करायच्या पेट्रोल जनरेटरचं काय काम, असं बाहेरच्याला वाटेल. काम भरपूर आहे. बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट इथे पायाखालीच आहे. तो कापायला मार्बल कटर, घासायला ग्राइंडर, फोडायला ब्रेकर लागतो, आणि नव्या वस्तीतल्या प्लॉटवर मीटर आलेलाच असतो असं नाही. शिवाय लग्नसराई असते. वरातीत डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन चालणाऱ्यांच्या मागून ठेल्यावर जनरेटर ढकलत नेतात, आणि बँडच्या वरताण त्याचा आवाज.

हे यंत्र असल्या हमालीसाठी जन्माला आलेलं नव्हतं. होंडाने १९६५ मध्ये ई-३०० नावाचा तीनशे वॅटचा जनरेटर काढला, तो दिवे आणि टीव्हीसारख्या हलक्या गरजांसाठी. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात श्रीराम होंडा आणि बिर्ला यामाहा ही नावं दुकानादुकानांत पोचली. त्या पिढीतली काही मॉडेलं पेट्रोलवर सुरू व्हायची आणि गरम झाल्यावर रॉकेलवर चालायची. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळायची वेळ. पण दुकानाचा भार संथ होता. चार दिवे, एक पंखा, लावले की लावले. कटरचं तसं नसतं.

जनरेटरच्या पाटीवर २.२ के.व्ही.ए. असं ठळक लिहिलेलं असलं, तरी तो बहुधा कमाल आकडा असतो. तासन्‌तास घेता येईल असा आकडा त्याहून कमी, बारीक अक्षरात. चार इंची मार्बल कटर हजार ते चौदाशे वॅटचा. म्हणजे कागदावर आरामात बसतो. प्रत्यक्षात बटण दाबल्यावर मोटर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि पातं दगडात अडकलं की पुन्हा तेच. पाण्याचा पंप किंवा हवेचा कॉम्प्रेसर यांच्या इंडक्शन मोटरी तर सुरू होताना पाच-सहा पटींपर्यंत जातात. म्हणून जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी विचारतो, ‘इस पे चलाते क्या हो?’ आणि पहिली गोष्ट सगळ्या पिना काढायला लावतो.

‘लोड नहीं ले रहा’ ही एकच तक्रार घेऊन माणसं येतात, पण तिच्या पोटात दोन वेगळी दुखणी असतात. चौकटीत यंत्रं दोन आहेत, इंजिन आणि अल्टरनेटर, एकाच शाफ्टवर. दोन ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो तेव्हा बरोबर ५० हर्ट्झ मिळतात. भार आला की वेग थोडा पडणारच, म्हणून रिकाम्या जनरेटरचा वेग ३,१०० ते ३,१५० च्या आसपास ठेवतात. आता कटर चालू करायचा. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि वर आलाच नाही, तर एक तर भार जास्त आहे, नाही तर दोष इंजिनात. आवाज तसाच राहिला आणि कटर मात्र रडू लागला, तर सॉकेटला मीटर लावायचा. दोष अल्टरनेटरमध्ये, सॉकेटमध्ये किंवा वायरमध्ये. एवढी चाचणी न करता कार्बोरेटर खोलणारा मिस्त्री मला तरी मिस्त्री वाटत नाही.

वायरला कुणी दोषी धरतच नाही. एक चौरस मिलिमीटरची पन्नास मीटर वायर ओढली, तर करंट जाऊन-येऊन शंभर मीटर तांब्यातून फिरतो. आठ अँपिअरला पंधराएक व्होल्ट वाटेतच संपतात. जनरेटर आधीच दबून २१० वर आला असेल, तर कटरपाशी १९५ उरले. मोटर तापते, पातं अडकतं, आणि शिव्या जनरेटरला. अडीच चौरसची वायर टाकली की हीच घट सहा व्होल्टवर येते.

इंजिनाच्या दुखण्यांना झाशीत ऋतू आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं बंद, तेवढे महिने वरातीचे जनरेटर कोपऱ्यात. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पावसाळी हवेतली ओल धरतं, ते वेगळंच. कार्तिकात दोरी ओढली की इंजिन चालतं, पण एकसारखं नाही. वेग चढतो, पडतो, पुन्हा चढतो. मिस्त्री याला हंटिंग म्हणतात. बहुतेक वेळा कारण एकच, जेटचं भोक बुजत आलेलं. ते हवेच्या फुंकरीने साफ करावं. तारेने टोकरलं तर पितळ झिजतं, भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायमचं पेट्रोल जास्त पिऊ लागतं. आणि हे सगळं टाळायचं, तर शेवटच्या वरातीनंतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावं. कुणी करत नाही.

अर्धा तास छान चालून बंद पडणारा जनरेटर आला, तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघावं. झाकणातलं हवेचं छिद्र धुळीने बुजलं की आत निर्वात होतं, पेट्रोल खाली उतरत नाही. तिरक्या ठेल्यावर सुरूच होत नसेल, तर ऑइलचा सेन्सर आपलं काम करतोय. सपाटीवर आणा, ऑइल बघा. ग्रॅनाइटच्या धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर हा तर रोजचाच. तो काढून फेकला की इंजिन लगेच मोकळं होतं खरं. मग तीच धूळ सिलिंडर खरवडते, आणि वर्षभरात निळा धूर.

सगळ्यात वाईट खोड इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरशी खेळण्याची. करंट कमी वाटला की कुणीतरी त्याची स्प्रिंग ताणतो, इंजिन पळू लागतं, व्होल्टेज चढतं, कटरही खूश. त्याच सॉकेटला लावलेला मोबाइलचा चार्जर किंवा वेग कमीजास्त करणारं ड्रिल मात्र जळून जातं.

इंजिन ठणठणीत, पण सॉकेटवर मीटर फक्त तीन-चार व्होल्ट दाखवतो, असंही होतं. तेव्हा कंडेन्सर, ब्रश किंवा व्होल्टेज रेग्युलेटर तपासावा. ते ठीक असतील, तर बराच काळ पडून राहिल्याने रोटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व फार क्षीण झालेलं असू शकतं. यावर हत्यारवाल्यांचाच एक तोडगा आहे: साधं कार्बन-ब्रशचं ड्रिल जनरेटरला जोडायचं, बटण दाबून धरायचं, जनरेटर चालू ठेवून चक हाताने उलटा फिरवायचा. ड्रिलची मोटर क्षणभर स्वतःच जनरेटर होते आणि तेवढ्या चिमूटभर करंटने अल्टरनेटर जागा होतो. चक लगेच सोडायचा, कारण ड्रिलही जागं होतं.

बंद दुकानात किंवा तळघरात हे यंत्र चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडून घेणं. त्याला वास नसतो. आणि एक वायर अशी असते की तिच्या दोन्ही टोकांना पिना असतात. लाइट गेली की एक टोक जनरेटरला, दुसरं घराच्या सॉकेटला. मेन स्विच पाडायचा राहिला, तर करंट उलटा खांबावर चढतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून ११,००० व्होल्टच्या तारेपर्यंत जाऊ शकतो, जिथे लाइनमन पुरवठा बंद आहे असं समजून काम करत असतो. हे टाळायलाच चेंजओव्हर स्विच असतो. दुरुस्तीला आलेल्या जनरेटरबरोबर असली वायर दिसली, तर आधी ती कापावी, मग प्लग उघडावा.