नऊ सारखी घरे

जयपूरच्या डोक्यावर, अरवलीच्या कड्यावर नाहरगड उभा आहे. सवाई जयसिंहाने 1734 मध्ये तो बांधला, तो आमेर आणि नवी राजधानी यांच्या राखणीसाठी. या गडाला वेढा पडल्याची नोंद नाही. पुढच्या राजांनी तिथे तटबंदीपेक्षा राहत्या जागेकडे अधिक लक्ष दिले, आणि सवाई माधोसिंह दुसरा याच्या कारकिर्दीत, 1883 ते 1892 या काळात, गडावर माधवेंद्र भवन उभे राहिले.

भवनाच्या मधोमध चौक आहे. त्याच्या कडेने दुमजली नऊ महाल आणि एका अंगाला राजाचा महाल. नऊ राण्यांचे हे नऊ महाल नकाशाने अगदी एकसारखे : बसायचे दालन, निजायची खोली, स्वयंपाकघर, कोठी, शौचकूप. दालन एका महालात जिकडे, दुसऱ्यातही तिकडेच. वेगळेपण नावांत : सूरजप्रकाश, चांदप्रकाश, आनंदप्रकाश, बसंतप्रकाश. सगळ्या महालांना जोडणारे बोळ वळणे घेत जातात. राजा आज कोणाच्या महाली गेला हे बाकीच्यांना कळू नये म्हणून ही रचना, असे सांगितले जाते. कोणाला डावे-उजवे वाटू नये, यासाठीची ही मोजदाद. पण भिंती सारख्या केल्या म्हणजे घरे सारखी होतात का, हा प्रश्न इथल्या प्रत्येक उंबरठ्यावर उभा राहतो.

डिसेंबर 2017 मध्ये या भवनात ‘द स्कल्प्चर पार्क’ सुरू झाले. राजस्थान सरकार आणि सात साथ आर्ट्स फाउंडेशन यांनी मिळून ते उभे केले. निवड आणि मांडणी पीटर नेगी यांची. सुबोध गुप्ता, भारती खेर, मुंबईचे जितीश कल्लाट यांच्यासह देशी-परदेशी शिल्पकारांची कामे राण्यांच्या खोल्यांत आली. कलादालनाची पांढरी भिंत मुद्दाम मुकी ठेवलेली असते. इथल्या भिंती वेलबुट्ट्यांनी रंगलेल्या, दारे ठेंगणी, उजेड झरोक्यातून येईल तेवढाच. बघणारा आधी कोणाच्या तरी खोलीत पाऊल टाकतो आणि मग शिल्पासमोर येतो. शिल्प कोठे ठेवले यावर त्याचा अर्थ ठरतो, ही मांडणशिल्पाची मूळ कल्पना समजून घ्यायला याहून चांगली जागा शोधावी लागेल.

हीच कल्पना उलट्या बाजूने धरणारा कलावंत म्हणजे दक्षिण कोरियाचा दो हो सू. जन्म 1962, सोल. वडील सू से-ओक हे शाईच्या चित्रांसाठी नावाजलेले. त्यांनी 1970 च्या दशकात सोलमध्ये पारंपरिक लाकडी घर, म्हणजे हानोक, बांधले आणि त्यासाठी नमुना घेतला तो छांगदोकगुंग राजवाड्याच्या आवारातल्या एका घराचा. ते मूळ घर 1828 चे, आणि राजवाड्यात असूनही विद्वान गृहस्थाच्या घराच्या धर्तीवर बांधलेले. राजाच्या अंगणात साध्या माणसाचे घर, आणि त्याची प्रत पुन्हा एका साध्या माणसाच्या अंगणात! माधवेंद्र भवनातल्या नऊ प्रतींची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

सू 1991 मध्ये शिकायला अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कमध्ये अग्निशामक केंद्राजवळच्या खोलीत झोप लागेना, तेव्हा शेवटची शांत झोप कोठे लागली होती हे आठवताना त्याला सोलचे घर आठवले. ते घर बरोबर नेता येईल का? त्यातून 1999 मध्ये हिरवट झिरझिरीत रेशमाचे पूर्ण मापाचे घर तयार झाले. भिंत, खिडकी, छताची कड, सगळे मोजून, कोरियन शिलाईच्या जुन्या पद्धतीने हाताने शिवलेले. ते छताला टांगायचे; काम झाले की घडी घालून पेटीत. ज्या गावी ते मांडले जाई त्या गावाचे नाव शीर्षकाला जोडले जाई, त्यामुळे शीर्षक लांबतच गेले.

पुढे त्याने न्यूयॉर्कची भाड्याची खोलीही कापडात उतरवली. त्यातला दिव्याचा खटका पाहावा. प्रत्यक्षात प्लास्टिकचा, रोज बोट लागून ओळखीचा झालेला. इथे तो कापडाचा, कडांना बारीक टाके, पलीकडचा माणूस दिसेल इतका पारदर्शक. खटक्याकडे हात जातो आणि थबकतो. घराची ओळख डोळ्यांपेक्षा हाताला अधिक असते, हे तिथे उमगते. नंतर त्याने सोलचे घर बाहेरून तुतीच्या सालीच्या कागदाने मढवले आणि त्यावर ग्रॅफाइट घासून लाकडाचा प्रत्येक कंगोरा, प्रत्येक खाच उमटवून घेतली. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासणारी मुले करतात तेच, पण अख्ख्या घरावर. हानोक सांगाड्यासह सोडवून दुसरीकडे उभे करता येते. त्यालाच कोरियन सुतार ‘घर चालवणे’ म्हणतात. सूच्या 2025 च्या लंडनमधील टेट मॉडर्नच्या प्रदर्शनाचे नावही त्यावरूनच, ‘वॉक द हाउस’.

सूकडे घर आहे आणि जागा बदलत राहते. नाहरगडावर जागा पक्की आहे, राहणारी माणसे निघून गेली आहेत. मराठीत ‘घर’ म्हणजे इमारतही आणि माणसेही. ‘घर सुटले’ म्हणताना भिंती सुटल्या असे कोणी समजत नाही. त्यामुळे सूच्या कामाचा गाभा मराठी वाचकाला फारसा समजावून द्यावा लागत नाही. अवघड आहे ते माधवेंद्र भवनातले : नऊ चुली विझलेल्या, आणि चुलीच्या जागा मात्र अजून सारख्याच मापाच्या.