व्यवसायाच्या जमिनीवरील सुधारणा आणि आयकरातील घसारा

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके मूळचे भातशेतीचे. भाताच्या एका पिकावर वर्षाचा संसार निभणे कठीण असल्यामुळे येथील अनेक कुटुंबे वरकस जमिनीवर कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय किंवा कृषी पर्यटन असे जोडधंदे करतात. त्यासाठी जमीन सपाट करणे, शेड उभारणे, विहीर खोदणे यांत मोठी रक्कम गुंतते. तीपैकी कोणता भाग आयकराच्या हिशेबात वजा मिळतो हे समजून न घेतल्यास हक्काची वजावट सुटते, किंवा चुकीच्या मागणीपायी पुढे कर, व्याज व दंड भरण्याची पाळी येते.

शेती वेगळी, धंदा वेगळा

१९६१ च्या आयकर कायद्याने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले. परंतु कोंबड्या, अंडी व दूध यांचे उत्पन्न, जमीन स्वतःची असली तरी, शेतीचे उत्पन्न ठरत नाही. ते धंद्याचे उत्पन्न होय. पर्यटकांच्या निवासाचे भाडेही शेतीत मोडत नाही. धंद्याच्या उत्पन्नातूनच घसारा वजा होतो. भाताच्या खाचरासाठी केलेल्या खर्चाचा येथे संबंध नाही.

जमिनीला घसारा का नाही?

वापराने जी वस्तू झिजते तिच्या किमतीचा काही अंश दरसाल खर्च म्हणून धरणे, यास घसारा म्हणतात. शेड गंजते, यंत्र झिजते. जमीन झिजत नाही. म्हणून जमिनीच्या किमतीवर घसारा मिळत नाही. इमारतीखालील जमिनीवरही तो मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आल्प्स थिएटरच्या प्रकरणात दिला. जमिनीचे सपाटीकरण किंवा मातीचा भराव हा खर्चही सर्वसाधारणपणे जमिनीच्याच किमतीत जातो. तो अगदी वाया जातो असे मात्र नाही. पुढे करपात्र जमीन विकल्यास नफा काढताना सुधारणेचा खर्च म्हणून तो वजा मागता येतो. त्यासाठी पावत्या जपून ठेवाव्यात.

घसारा कशावर मिळतो?

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. नियमांतील ‘इमारत’ या शब्दात रस्ते, पूल, मोऱ्या, विहिरी व कूपनलिका यांचाही समावेश आहे. विहीर जमिनीतच असते म्हणून ती जमिनीत धरून पुष्कळजण हक्क सोडतात, ते योग्य नव्हे. १९६१ च्या कायद्याखाली ठरलेले दर असे: निवासी इमारत ५ टक्के, धंद्याची इतर इमारत, रस्ता व विहीर १० टक्के, लाकडी मांडवासारखे निव्वळ तात्पुरते बांधकाम ४० टक्के, सर्वसाधारण यंत्रसामग्री १५ टक्के, सौर पंपाचे संच ४० टक्के. घसारा दरवर्षी शिल्लक किमतीवर काढतात.

गाई-म्हशींना घसारा नाही. परंतु धंद्यातील जनावर मेले किंवा कायमचे निकामी झाले, तर त्याची खरेदी किंमत व त्यापासून आलेली रक्कम यांतील फरक त्या वर्षी खर्चात धरता येतो.

उदाहरण

समजा, एका कुक्कुटपालकाने सपाटीकरणास २ लाख, पक्क्या शेडला ६ लाख, विहिरीस दीड लाख, रस्त्यास ५० हजार व यंत्रांस २ लाख, असे एकूण १२ लाख रुपये खर्च केले. सपाटीकरण बाजूस ठेवावे. शेड, विहीर व रस्ता मिळून ८ लाखांवर १० टक्क्यांनी ८०,००० रुपये, आणि यंत्रांवर १५ टक्क्यांनी ३०,००० रुपये, असा पहिल्या वर्षाचा घसारा १,१०,००० रुपये होतो. दुसऱ्या वर्षी तो ७२,००० व २५,५०० मिळून ९७,५०० रुपये येतो.

मात्र खरेदीच्या वर्षी वस्तूचा वापर १८० दिवसांहून कमी झाला, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. या तालुक्यांत पावसाळ्यात बांधकाम चालत नाही. भातकापणीनंतर सुरू केलेली शेड ३१ मार्चपूर्वी वापरात आली तरी १८० दिवस भरत नाहीत. अशा वेळी वरील रक्कम ५५,००० रुपये होईल.

दक्षता

१. एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास ती मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही. गवंडी व सामानाचे दुकानदार यांचे पैसे बँकेमार्फत द्यावेत.

२. बांधकामास किंवा यंत्रास सरकारी अनुदान मिळाले असल्यास तेवढी रक्कम किमतीतून वगळावी.

३. एकाच विहिरीचे पाणी शेतीस व धंद्यास लागत असेल, तर धंद्याच्या प्रमाणातच घसारा मागावा.

४. अनुमानित उत्पन्नाच्या सवलतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर, कर भरणाऱ्यास वेगळा घसारा मिळत नाही. तो दिला गेला असे मानून शिल्लक किंमत दरसाल घटते.

५. घसारा मागितला नाही तरी, धंद्याचे उत्पन्न काढताना कायदा तो हिशेबात धरतो. ‘पुढल्या वर्षी घेऊ’ असे म्हणून तो राखून ठेवता येत नाही.

संसदेने २०२५ साली नवा आयकर कायदा केला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. कलमांचे क्रमांक बदलले तरी जमिनीस घसारा नाही, हे तत्त्व त्यातही कायम आहे. विवरणपत्र भरण्यापूर्वी त्या वर्षाचे दर कर सल्लागाराकडून पडताळून घ्यावेत. काम सुरू होण्यापूर्वीच वहीत जमीन, बांधकाम व यंत्रे अशी तीन स्वतंत्र खाती उघडावीत आणि गवंड्याकडून व ठेकेदाराकडून कामाची बिलेही तशीच निरनिराळी घ्यावीत. सर्व कामाचे एकच ठोक बिल घेतल्यास त्यातील शेडचा व विहिरीचा वाटा पुढे सिद्ध करणे अवघड जाते.