पिपेटला तोंड लावावे का?

पिपेट म्हणजे मधोमध फुगीर आणि खाली निमुळती काचेची नळी. वरच्या दांड्यावर तिला गोल खूण असते. ती वापरण्याची जुनी रीत अशी: टोक द्रावणात बुडवायचे, द्रव खुणेच्या थोडा वर येईपर्यंत तोंडाने ओढायचा, तोंड काढताक्षणी नळीवर तर्जनी दाबायची आणि बोट किंचित सैल करीत द्रवाचा खालचा वक्र खुणेला टेकवायचा. मग द्रव शंकुपात्रात सोडायचा. टोकाशी उरलेला थेंब फुंकायचा नाही. पात्राच्या कडेला टोक टेकवले की पुरे, कारण तो थेंब मापात आधीच वजा धरलेला असतो.

बारावीच्या ऑक्झॅलिक आम्ल व परमँगनेटच्या अनुमापनासाठी कित्येक पिढ्या असेच शिकल्या. फसगत होते ती ओढताना. नजर खुणेकडे, पात्रातली पातळी खाली. टोक उघडे पडते, हवा शिरते आणि द्रव थेट तोंडात उसळतो. द्रावण सौम्य असते. आंबट चव लागते, चूळ भरली की भागते. असे स्वस्तात सुटता येते म्हणूनच ही सवय टिकली. जंतूंच्या प्रयोगशाळेत मात्र चूळ पुरत नाही. पिपेटमधून विषमज्वराचे जंतू तोंडात जाऊन एका डॉक्टरला तो आजार झाल्याची नोंद १८९३ सालची आहे.

‘पिपेटला तोंड लावू नका’ अशा नियमांना हसणाऱ्यांना सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाच्या शोधाचा दाखला हाताशी असतो. १८७९ मध्ये बाल्टिमोरला रसायनशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन फालबर्ग हात नीट न धुता जेवायला बसला आणि त्याला पाव गोड लागला. मग प्रयोगशाळेत परतून त्याने टेबलावरची पात्रे चाखून पाहिली. त्यातल्या एखाद्यात विष असते तर हा दाखला द्यायला कुणी उरले नसते.

दट्ट्याची मायक्रोपिपेट जिथे आहे, तिथे तोंड न लावण्याचा नियम भिंतीवरून उतरवला तरी बिघडत नाही. तिला तोंड लावायला जागाच नाही. काचेच्या पिपेटसाठी तीन झडपांचा रबरी फुगा आहे: एक झडप हवा काढते, दुसरी द्रव ओढते, तिसरी सोडते. बोटाइतका नेमका ताबा त्यावर येत नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. पण फुग्याने ओढून, तो काढून, पुढे बोट लावता येते. फुगा तडकलेला असेल तर अनुमापनाच्या ब्युरेटखेरीज दुसरी ब्युरेट पिपेटच्या द्रावणाने भरावी आणि तिच्यातून लागणारे १० मिलिलिटर शंकुपात्रात सोडावे.