ओहायोची पानगळ आणि कुंपणापलीकडचे प्राणी

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शनिवार-रविवारचे बेत घरातली मुलंच ठरवू लागतात. सफरचंदांची बाग, भोपळ्यांचं शेत, उभ्या मक्यात कापलेला चक्रव्यूह, हॉकिंग हिल्सचे कडे आणि एखादं खासगी प्राणी-फार्म. या फार्मवर उंट, झेब्रे, लेमूर, कांगारू असे दूरदेशीचे प्राणी पाळलेले असतात आणि तिकीट काढून ते जवळून पाहता येतात. कोलंबस परिसरातल्या मराठी घरांत याच दिवसांत चकल्या-करंज्या आणि मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तालमीही चालू असतात. तरीही या सहली कुणी चुकवत नाही, कारण नोव्हेंबर उजाडला की गारठा सगळ्यांना घरात ढकलतो.

रंग, फळं, भोपळे

दिवस लहान होऊ लागले की झाडं पानांतलं हरितद्रव्य तयार करणं थांबवतात. हिरवा रंग ओसरतो आणि आधीपासूनच पानात असलेला पिवळा-केशरी रंग वर येतो. मेपलचा लाल रंग मात्र याच दिवसांत नव्याने तयार होतो. त्याला कडक ऊन आणि थंड, पण गोठवणारी नव्हे अशी रात्र मानवते. म्हणून तोच रस्ता एका वर्षी पेटल्यासारखा दिसतो, तर दुसऱ्या वर्षी फिका. हॉकिंग हिल्समध्ये अॅश केव्ह नावाची वालुकाश्माची प्रचंड कपार आहे. तिथवरची वाट सपाट आणि पक्की असल्याने भारतातून आलेले आजी-आजोबाही आरामात चालत जातात.

सफरचंदं तोडण्याचीही एक रीत आहे. फळ ओढायचं नाही. तळव्यात धरून वर उचलायचं आणि किंचित पिळायचं, म्हणजे ते देठासकट सुटतं. ज्या आखूड काडीवर फळ लागतं तिच्यावरच पुढच्या बहराची कळी असते. हिसका दिला तर तीही तुटते. बागेत गेलात तर ‘मेलरोझ’ जरूर मागा. ओहायोतल्याच वूस्टरच्या कृषी संशोधन केंद्राने जोनाथन आणि डेलिशियस यांच्या संकरातून हा वाण काढला आणि तो टिकतोही चांगला.

भोपळ्यांसाठी कोलंबसच्या दक्षिणेला सर्कलव्हिल गाठायचं. तिथली भोपळ्यांची जत्रा 1903 साली सुरू झाली. ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या बुधवारपासून शनिवारपर्यंत चालते आणि क्रेनने उचलावे लागणारे भोपळे तिथे वजनाला लागतात. हॅलोविनसाठी कोरायचा मोठा भोपळा पाणचट असतो. घारग्यांसाठी लहान, घट्ट गराचा ‘पाय पम्पकिन’ किंवा बटरनट घ्यावा.

फार्मवर

अशा फार्मवर मुलांना खरा आनंद मिळतो, यात शंका नाही. फाटकाशी खाद्याची बादली घेतली की दोन वशिंडांचा बॅक्ट्रियन उंट मान लांबवून येतो. ऑक्टोबरात त्याची हिवाळी लोकर दाटू लागलेली असते. त्याचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असतो. दोन्ही भाग वेगवेगळे हलवत तो हातावरची गोळी अशी उचलतो की तळव्याला नुसता ओलसर मऊपणा जाणवतो. पुस्तकातून हे मुलांना कधीच कळत नाही.

एका फार्मवर मात्र आमचे पाय अडखळले. जाळीच्या अरुंद पिंजऱ्यात एकच लेमूर होता. तो एका कोपऱ्यातून दुसऱ्यात, तिथे वळून पुन्हा पहिल्यात, असा तोच मार्ग न थांबता कापत होता.

“आई, हा एकटाच का?” मुलीने विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, “गोठ्यात गाय एकटी बांधली तरी ती हंबरत राहते. हे तर रानातलं जनावर.”

पट्टेरी शेपटीचे लेमूर मादागास्करच्या जंगलात मादीच्या नेतृत्वाखाली कळपाने राहतात. त्यांनी एकट्याने ठरावीक येरझाऱ्या घालत राहणं हे कोंडलेपणाचं ओळखीचं लक्षण आहे. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, तर तो “त्याला तसंच आवडतं” एवढं म्हणून पुढे गेला. पैसे देऊन आपण नेमकं कशाला हातभार लावतो, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या घरात आला.

झेन्सव्हिलचा धडा

ओहायोत हा प्रश्न विचारण्याला इतिहास आहे. कोलंबसपासून पूर्वेला तासाभरावर झेन्सव्हिल आहे. 18 ऑक्टोबर 2011 रोजी तिथल्या एका खासगी फार्मच्या मालकाने आपल्या 56 पैकी बहुतेक प्राण्यांचे पिंजरे उघडले आणि स्वतःचं आयुष्य संपवलं. अंधार पडत होता आणि जवळच महामार्ग व वस्ती होती. वाघ-सिंहांना बेशुद्ध करून पकडणं अंधारात शक्य नव्हतं, म्हणून पोलिसांना गोळ्या झाडाव्या लागल्या. 18 वाघ आणि 17 सिंहांसह जवळपास 50 प्राणी मेले. त्या काळी ओहायोत असे प्राणी पाळण्यावर जवळपास काहीच बंधन नव्हतं.

पुढच्याच वर्षी राज्याने धोकादायक वन्यप्राण्यांसाठी कायदा केला. परवाना, विमा, प्राण्याच्या शरीरात ओळख-चिप आणि पिंजऱ्याचे निकष त्याने बंधनकारक झाले. डिसेंबर 2022 मध्ये देशपातळीवर ‘बिग कॅट पब्लिक सेफ्टी’ कायदा आला. वाघ, सिंह, बिबट्या, चित्ता अशा मोठ्या मार्जारांना हौस म्हणून पाळणं आणि त्यांची पिल्लं पर्यटकांच्या हाती देणं त्याने बंद केलं. पिल्लासोबत फोटो काढण्याच्या धंद्यात पिल्लाला जन्मानंतर लगेच आईपासून तोडत. काही आठवड्यांत ते हाताळण्यापलीकडे वाढलं की नवी पिल्लं लागत आणि मोठा झालेला वाघ कुठे जाई, याचा हिशेब कुणी ठेवत नसे.

पांढऱ्या वाघांचीही हीच गत, आणि त्या कथेची सुरुवात आपल्याकडची आहे. 1951 साली रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन या पांढऱ्या बछड्याची वंशज मोहिनी 1960 मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात आली. पुढे रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात पैदास होत राहिली. तिरळे डोळे आणि इतर व्यंगं त्यातूनच वाढली. पांढरा वाघ ही दुर्मीळ जात नाही, तो नेहमीच्याच वाघाचा एक रंगभेद आहे. त्याची पैदास म्हणजे संवर्धन नव्हे.

चांगली जागा कशी ओळखावी

झेब्रे, उंट, कांगारू ओहायोच्या धोकादायक प्राण्यांच्या यादीत येत नाहीत. तरी तिकीट लावून सस्तन प्राणी दाखवणाऱ्याला केंद्रीय कृषी खात्याचा परवाना लागतो. खात्याचे निरीक्षक न कळवता येतात आणि त्यांचे अहवाल इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. पण परवाना ही किमान अट आहे. त्याहून कडक कसोटी ‘एझेडए’ या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेच्या मान्यतेची. नावाजलेल्या कोलंबस प्राणिसंग्रहालयाचीही मान्यता 2021 मध्ये गेली होती आणि सुधारणा केल्यावर 2023 मध्ये ती परत मिळाली. एवढ्या मोठ्या संस्थेलाही जाब विचारला जातो, म्हणूनच त्या शिक्क्याला किंमत आहे.

अशा कुठल्याही ठिकाणी गेल्यावर आपले डोळेही उघडे हवेत. कळपाने राहणाऱ्या प्राण्याला जोडीदार आहे का? माणसांपासून लपायला आडोसा आहे का? नको असेल तेव्हा त्याला कुंपणापासून दूर जाता येतं का? दिवसभर किती बादल्या खाऊ घालतात, यावर काही मर्यादा आहे का? प्राण्यांना हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना ई-कोलाय जंतूंचा त्रास गंभीर होऊ शकतो, त्यामुळे प्राण्यांच्या आवारात खाऊ काढू नका.

झेन्सव्हिलच्याच दक्षिणेला ‘द वाइल्ड्स’ आहे. कोळशाच्या खाणींनी ओरबाडलेल्या, पुन्हा हिरव्या केलेल्या सुमारे 10 हजार एकर जमिनीवर ते उभं आहे. उघड्या बसमधून फिरताना जिराफ आणि मंगोलियाचे रानटी घोडे मोकळ्या कुरणात चरताना दिसतात. आसामातला आपला एकशिंगी गेंडाही तिथे आहे. इथे प्राणी दूर दिसतात, कधी पाठ फिरवून उभे असतात. मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण गेंड्याची मादी आणि पिल्लू चिखलात लोळताना दिसल्यावर बस सोडायला कुणी तयार नव्हतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठीही हा विषय परका नाही. इग्वाना, मकाव असे परदेशी जीव शहरांत हौसेने पाळले जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारातल्या अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे.

सुट्टीत मुलांना प्राणी जरूर दाखवा. पण तिकीट काढण्याआधी त्या जागेचा पाहणी अहवाल वाचा आणि एकट्या, येरझाऱ्या घालणाऱ्या प्राण्याबद्दल मुलांसमोरच प्रश्न विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर तिथे पुन्हा जाऊ नका आणि ओळखीच्या चार घरांना तसं सांगा. गिऱ्हाईकांनी पाठ फिरवली, तरच असे पिंजरे बदलतात.