तापाचं इंजेक्शन

बजाजनगरातल्या मोहटादेवी मंदिरामागच्या गल्लीतली अंगणवाडी. दारात चपलांचा ढीग, आत लेकरांचं रडणं. सिस्टर निळ्या डब्यातून कुपी काढतात आणि लेबलवरचं चिन्ह खिडकीच्या उजेडात धरतात. आतला चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका आहे. लस चांगली आहे.

"अडीच महिन्यांचा डोस ना?" आशाताई कार्ड बघतात.

"हो. पण ते मांडीतलं तापाचं नका देऊ," परभणीकडची एक आई पदराआड लेकरू धरते. "जाऊबाईंनी व्हिडिओ पाठवलाय."

आशाताई ओरडत नाहीत. फोन हातात घेतात, अख्खा व्हिडिओ बघतात. हिंदी आवाज, रडणारं बाळ. गाव नाही, तारीख नाही. गोवर-रुबेलाची मोहीम २०१८च्या नोव्हेंबरात शाळाशाळांत गेली, तेव्हाही 'पुढं मूल होणार नाही' असे मेसेज फिरलेच होते. मग २०२२मध्ये मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला. ते मेसेज पाठवणारे तेव्हा कुणाच्या दारात आले नाहीत.

शेजारची पुढं सरकते, "खाजगीत बिनतापाचं मिळतं म्हणे."

"मिळतं. काही हजार जातात," सिस्टर सांगतात. ताप येतो तो मुख्यतः लसीतल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळं. खाजगीतल्या महागड्या लसीत त्या जंतूचे निवडक अंश असतात, इथल्या पेंटाव्हॅलंट लसीत अख्खा मेलेला जंतू. हे एवढं सोपं कुणी आधी सांगितलेलं दिसत नाही. परभणीकडची ती आई पहिल्यांदाच मान वर करते.

"मागच्या वेळी ताप आला तेव्हा कुणाला विचारलं?" आशाताई.

"कुणाला विचारणार? हे कंपनीत सेकंड शिफ्टला, फोन गेटवर जमा. सासू गावाकडं. मग यूट्यूबवरच बघितलं."

मला वाटतं, सगळं इथं येऊन अडतं. या बाईला माहिती हवीच होती. त्या रात्री हाताशी जी होती ती तिनं घेतली. बजाजनगरात खोली करून राहणाऱ्या कितीजणींची रात्र अशीच जात असेल.

आशाताई कार्डाच्या मागं मोठ्या आकड्यांत आपला नंबर लिहितात.

"रात्री दोनला उचलाल?"

"उचलीन. पण थेंब किती द्यायचे ते आत्ताच विचारून जा."

सिस्टर वजन बघून पॅरासिटॅमॉलचं प्रमाण सांगतात, अर्धा तास इथंच बसायला लावतात. बाई लेकराची मांडी उघडी करते. तेवढ्यात मागून आणखी कार्डं पुढं येतात, "ताई, आमच्या पण मागं लिहा की नंबर."

"आधी सुई," सिस्टर म्हणतात, "मग नंबर. चला, कोण आहे पुढचं?"