न बांधलेल्या विमानाची किंमत

जे विमान अद्याप बांधलेलेच नाही, त्याची किंमत निविदेत लिहावयाची कशी? निविदा तयार करणाऱ्यास धातू, यंत्रे व श्रमाचे तास ह्यांचा हिशेब आधीच मांडावा लागतो. टी. पी. राइट ह्या अमेरिकन अभियंत्याने १९३६ मध्ये दाखविले की, विमानांची संख्या दुप्पट झाली म्हणजे दर विमानामागचे सरासरी श्रम सुमारे एक-पंचमांशाने घटतात. कामगारांचे हात सरावतात. पहिल्या विमानास १,००,००० तास लागले, तर दोन विमानांची सरासरी ८०,००० व चारांची ६४,००० तास येते. निविदेतील स्वस्ताई ह्या उताराच्या भरवशावर असते, आणि खरा धोकाही तेथेच; कारण विमाने ठरल्यापेक्षा कमी झाली की सरासरी चढीच राहते.

अमेरिकेच्या हवाई दलास सी-५ए हे प्रचंड मालवाहू विमान हवे होते. १९६५ मध्ये सर्वांत कमी किमतीची निविदा भरणाऱ्या लॉकहीडला ते काम मिळाले. आराखडा व उत्पादन ह्या दोहोंची किंमत आरंभीच बांधून घेण्यात आली होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये हवाई दलातीलच खर्चतज्ज्ञ अर्नेस्ट फिट्झजेरल्ड ह्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली की, खर्च सुमारे दोन अब्ज डॉलरांनी वाढू शकेल. ११५ विमानांची योजना ८१ वर थांबली. प्रवासी विमानाच्या अडचणींचीही भर पडून १९७१ मध्ये लॉकहीडच्या २५ कोटी डॉलरांच्या कर्जास सरकारला हमी द्यावी लागली. फिट्झजेरल्ड ह्यांचे पद मात्र त्यापूर्वीच रद्द करण्यात आले होते.